'बॅलन्स्ड' म्हणजे नेमकं काय? इअरफोनबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं तारेच्या इअरफोनबद्दल आली आहेत. कानाच्या नळीत बसणाऱ्या अशा इअरफोनना हल्ली सगळे आयईएम (इन-इअर मॉनिटर) म्हणतात. पत्रलेखकांचं बजेट पाच ते दहा हजारांचं आणि ऐकणं टेक्नो, हाउस, ट्रान्स अशा इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताचं आहे.

प्रश्न : सात-आठ हजारांत आयईएम घ्यायचा आहे. टेक्नो आणि ड्रम अँड बेस ऐकतो. नुसती धडधड नको, आवाज बॅलन्स्ड हवा. पण ऑनलाइन निम्म्या मालावर 'बॅलन्स्ड' लिहिलेलं दिसतं. ओळखायचं कसं? (एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : हा एक शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, म्हणून घोटाळा होतो. 'बॅलन्स्ड आर्मेचर' हे आतल्या एका प्रकारच्या चिमुकल्या ड्रायव्हरचं (आवाज काढणाऱ्या भागाचं) नाव. त्यातली पत्ती चुंबकांच्या मधोमध तोललेली असते, एवढाच त्याचा अर्थ. 'बॅलन्स्ड केबल' म्हणजे सहसा ४.४ मिमीची जाड पिन आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या पूर्ण स्वतंत्र तारा. हा झाला वायरिंगचा प्रकार. तुम्हाला हवं आहे ते तिसरंच: बेस (खालचे सूर), मधले सूर आणि ट्रेबल (वरचे सूर) यांचं आपसातलं प्रमाण. ते खोक्यावरून कळत नाही, मोजमापाच्या ग्राफवरून कळतं (आडवे हर्ट्झ, डावीकडे बेस आणि उजवीकडे ट्रेबल; उभी आवाजाची पातळी).

मिरवणुकीत पथकासमोर उभं राहिल्यावर काय ऐकू येतं ते आठवा. ढोलच ढोल असतील तर ताशाची काडी बुडते, ताशेच जास्त झाले तर दहा मिनिटांत डोकं उठतं. ग्राफमध्येही हेच पाहायचं, फक्त इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी 'ढोल' दोन भागांत तोडून बघायचा. २० ते ६० हर्ट्झ हा सब-बेस, तो कानापेक्षा छातीत जाणवतो. ६० ते २५० हर्ट्झ हा मिड-बेस. टेक्नोच्या किकचं (मोठ्या ड्रमच्या ठोक्याचं) मूळ साधारण ५० हर्ट्झच्या आसपास असतं. स्वस्त इअरफोनवर 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा फुगवलेला असतो. गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच.

ड्रम अँड बेसमध्ये हे फार चटकन उघडं पडतं. वेग १७४ बीपीएम (मिनिटाला ठोके) धरला तर दोन ठोक्यांमध्ये जेमतेम ३४५ मिलिसेकंद मिळतात आणि सोळाव्या भागाला, म्हणजे ठोक्याच्या चौथाईला, ८६. ५० हर्ट्झची एक लाट पुरी व्हायला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे त्या ८६ मध्ये चारच लाटा मावतात. मिड-बेस फुगलेला असला की किकची शेपटी बेसलाइनवर चढते आणि दोन्हींचा लगदा होतो.

तेव्हा ग्राफमध्ये बेसचा चढ डावीकडे ठळक दिसावा आणि २०० हर्ट्झपर्यंत उतरून सपाट व्हावा. मधल्या सुरांपेक्षा सब-बेस ६ ते ८ डेसिबलने वर असेल तर टेक्नोला छान. ३,००० हर्ट्झजवळ दिसणाऱ्या उंचवट्याला घाबरू नका. उघड्या कानाची नळी तो भाग नैसर्गिकरीत्याच वाढवते, ती भरपाई इअरफोनला करावी लागते. खरी नजर ठेवायची ती ५,००० ते ८,००० वर. तिथे सुळका असला की हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) सुईसारखा टोचतो. मात्र ८,००० जवळचा सुळका बऱ्याचदा मोजण्याच्या कृत्रिम कानाचाच असतो आणि इअरफोन किती खोल बसवला त्यावर सरकतो. म्हणून त्या एका टोकावरून माल नापास करू नका.

आता नावं. ट्रूथिअर झीरो रेड: दोन डायनॅमिक (पडद्याचे) ड्रायव्हर, सब-बेस वर आणि मिड-बेस आटोक्यात. खोक्यात १० ओहमचा छोटा अ‍ॅडॅप्टर येतो, तो लावला की बेस आणखी वाढतो. दोष एकच, इअरफोनची कानात जाणारी नळी जाड आहे आणि लहान कानात ती दुखते. ट्रूथिअर हेक्सा: एक डायनॅमिक आणि तीन बॅलन्स्ड आर्मेचर. आवाज अगदी मोजका आणि स्वच्छ, पण बेस जवळजवळ सपाट, टेक्नोला कमी वाटेल. सिमगॉट ईए ५००: तडफदार, नळीची तोंडं बदलता येतात, पण ट्रेबलकडे झुकतो. सेनहायझर आयई २०० सहसा तुमच्या बजेटच्या वर जातो. तो अगदी छोटा आहे आणि कानात सपाट बसतो. त्याची टिप (कानात बसणारं रबर) नळीवर दोन जागी बसवता येते आणि जागा बदलली की बेस कमी-जास्त होतो.

तुमच्यासाठी आमचं मत झीरो रेडला. नळी कानात मावत नसेल तर थोडे पैसे साठवून आयई २००. आत किती ड्रायव्हर आहेत ते मोजत बसू नका. दहा आचारी ठेवल्याने आमटी चांगली होते असं नाही.

प्रश्न : सगळे रिव्ह्यू म्हणतात बेस भरपूर आहे, मला मात्र आवाज पत्र्यासारखा येतो. दुकानदार म्हणतो, शंभर तास वाजवत ठेवा, मग खुलेल. (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : शंभर तासांत सहसा कान सरावतो, इअरफोन बदलत नाही. आणि तेवढ्यात परत करायची मुदत मात्र निघून जाते. तुमच्या वर्णनावरून इअरफोन कानात नीट बसलेला नाही. टिप आणि कानाची नळी यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी सब-बेस निसटतो. सब-बेस म्हणजे हवेच्या दाबाचा सावकाश चढउतार, त्याला फटीतून निघून जायला वेळ मिळतो. ट्रेबलचा चढउतार इतका झपाट्याने होतो की तो निसटायच्या आत कानाच्या पडद्यावर पोचतो. म्हणून पत्रा.

तपासायची रीत अशी. इअरफोन घालून तोंड मिटा आणि 'म्म्म' असा हुंकार द्या. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला आणि दोन्ही बाजूंना सारखा घुमला, तर तो नीट बसला आहे. एका बाजूला घुमत नसेल तर तिथे फट. दुसरी परीक्षा: मोबाइलवर ४० हर्ट्झचा सलग सूर हळू आवाजात लावा आणि बोटाने इअरफोन किंचित आत दाबा. दाबल्यावर सूर वाढला तर टिप लहान आहे.

घालताना उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्या, कानाची पाळी वर आणि मागे ओढा, मग इअरफोन थोडा फिरवत आत सरकवा. पाळी ओढल्याने कानाची नळी सरळ होते. खोक्यातली मधली टिप सगळ्यांना बसतेच असं नाही. कित्येकांना डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी लागते, त्यात वावगं काही नाही. रबर टिकतच नसेल तर फोमची टिप घ्या: बोटांत वळून बारीक करायची, आत घालायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची. फोममुळे ट्रेबलची धार जरा बोथट होते. ईए ५०० सारख्या चकचकीत आवाजाला ते बरंच.

घालताना आत 'कुर्र' असा कागद चुरगळल्यासारखा आवाज आला तर दचकू नका. कोंडलेल्या हवेने ड्रायव्हरचा पडदा दुमडतो त्याचा तो आवाज. कानाची पाळी ओढून सावकाश घाला, बहुधा जातो.

प्रश्न : पंचवटी एक्स्प्रेसने नाशिक रोड ते सीएसएमटी रोजचं जाणं-येणं, दिवसाचे सात तास. गाडीत बेस ऐकूच येत नाही म्हणून आवाज वाढवतो. आणखी बेसवाला मॉडेल घेऊ का? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : नको. गाडीची घरघर सब-बेसच्याच पट्ट्यात असते, ती तुमची किक झाकून टाकते. कसारा घाटातल्या बोगद्यांत तर बघायलाच नको. तारेचा आयईएम बोलणी, फेरीवाले, ट्रेबलचा गोंगाट चांगला अडवतो, खालची घरघर तितकी नाही. त्यासाठी नॉइज कॅन्सलेशनचे वायरलेस बड्स खरंच जास्त कामाचे, आवाजाचा दर्जा थोडा उतरला तरी. आयईएम घरी वापरा. तोच न्यायचा असेल तर फोमची टिप लावा.

आवाजाचा हिशेबही करा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. तुमचे आठवड्याचे ३५ तास होतात. ८० वर ऐकलंत तर भागतं. ८६ वर ऐकलंत तर सोमवारचे सात तास आणि मंगळवारी सकाळी गाडी ठाण्याच्या आसपास येईपर्यंत आठवड्याचा कोटा संपला.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे, कॉम्प्युटरवर संगीत तयार करायला शिकतोय. आठ हजारांचा इअरफोन मागतो. पाचशेच्यात काय वाईट आहे? (एक पालक, सिडको)

उत्तर : ऐकायला काही नाही, काम करायला आहे. पाचशेच्या इअरफोनमध्ये बेस बहुधा आधीच फुगवलेला असतो. मुलगा त्यावर गाणं बनवताना बेस 'पुरेसा झाला' म्हणून कमी ठेवेल आणि तेच गाणं मित्राच्या स्पीकरवर पोकळ वाजेल. त्याच्या कामाला वर सांगितलेला हेक्सा बरोबर, कारण तो सपाट आहे. फक्त एवढ्यावर भागेल असं समजू नका. डावं-उजवं इअरफोनमध्ये नेहमी ऐसपैस वाटतं, त्यामुळे प्रत्येक गाणं एकदा स्पीकरवर आणि एकदा मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून) तपासायला त्याला सांगा. ब्लूटूथचा घेऊ नका. पॅडवर बोट पडल्यावर आवाज १५० ते २०० मिलिसेकंदांनी उशिरा येऊ शकतो, तालात वाजवणं अशक्य होतं.

प्रश्न : माझ्या हेक्साला बेस कमी वाटतो. इक्वलायझरने वाढवला तर आवाज फाटतो. (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : वाढवलात तेवढंच आधी कमी करायचं राहून गेलंय. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतो. त्यात लो-शेल्फ फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचं सगळं उचलणारा) घ्या: १०० हर्ट्झ, अधिक ४ डेसिबल, क्यू ०.७. मग प्रीअँप (एकूण पातळी) उणे ४ डेसिबल. हे उणे ४ टाकलं नाही तर मोठ्या आवाजात मास्टर केलेल्या ट्रॅकमध्ये किकची टोकं डिजिटल मर्यादेवर आपटतात, तोच तुमचा फाटका आवाज. एकूण आवाज कमी झाला असं वाटेल, तो व्हॉल्यूमने भरून काढा. अधिक ४ पुरेसं आहे. अधिक १० करून मग 'बॅलन्स्ड' शोधत बसू नका.

प्रश्न : ४.४ मिमीची केबल घेतली आणि आवाज बिघडला! गाणारी बाई डोक्याच्या मध्ये नाही, बेस कुठून येतो कळत नाही. (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : केबल खराब नाही, एका बाजूची पिन उलटी लागली आहे. ०.७८ मिमीच्या दोन पिनांचा कनेक्टर सपाट असेल तर उलटाही बसतो. मग एका कानातला पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो, आणि मधोमध असायला हवं ते सगळं विस्कटतं. लाल खूण उजव्या बाजूची. तिथे उजवाच आहे ना ते पाहा, मग एकच बाजू काढून उलटी लावा आणि ऐका. ओढताना कनेक्टर धरून सरळ ओढा, हलवत ओढलात तर पिन वाकते. आणि ४.४ ने आवाज 'खुलतो' म्हणतात ते बहुतेक वेळा त्या जॅकमधून व्हॉल्यूम जास्त येतो म्हणून. आयईएमला एवढी ताकद लागतच नाही, साधा ३.५ मिमीचा डोंगल (फोनला लावायचा छोटा जोड) पुरतो. फक्त अ‍ॅपलचा यूएसबी-सी डोंगल अँड्रॉइडवर बऱ्याचदा कमी आवाजातच अडकतो, तो टाळा.

प्रश्न : पावसाळ्यात अंबडहून कामावरून येताना इअरफोन कानात असतो. आता डावी बाजू हळू वाजते. (एक वाचक, सातपूर)

उत्तर : आधी डावी-उजवी टिप अदलाबदल करून बघा. हळू आवाज उजवीकडे गेला तर टिपेत मळ आहे: कोमट साबणपाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. डावी बाजू तरी हळूच वाजली तर नळीच्या जाळीवर मळ किंवा घामाची वाफ बसली आहे. नळीचं तोंड खाली धरून मऊ कोरड्या ब्रशने हलके झाडा. तोंड वर धरलंत तर मळ आत पडतो. सुई, टाचणी, अत्तर, स्पिरिट काही नको. रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झाकणाच्या डबीत ठेवा. वाफ असेल तर सकाळी आवाज परत येतो. नाही आला तर जाळी बदलावी लागेल, बिल असेल तर आधी वॉरंटीत विचारा. पावसाळा संपेपर्यंत ओला इअरफोन लगेच डबीत कोंडू नका, पुसून तासभर उघड्यावर ठेवा. आणि दुचाकीवर असाल तर एकाही कानात घालू नका, मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू यायला हवा.