पीट टाँगसारखी रेडिओ-कारकीर्द ठाण्यात राहून घडवता येईल का?

आपण ठाण्यात राहता, इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचे आपल्याला वेड आहे, आणि बीबीसीच्या पीट टाँग यांच्याप्रमाणे याच संगीताचा कार्यक्रम करता यावा म्हणून आरजेचा, म्हणजे रेडिओ निवेदकाचा, अभ्यासक्रम करावा का, असे आपण विचारले आहे. मी कळव्यात राहतो आणि एका खासगी एफएम केंद्रात सहा वर्षे निर्माता होतो. माझे मत असे की अभ्यासक्रमाचे पैसे तूर्त वाचवा, कारण आपल्याकडे रेडिओवर बोलणारा आरजे आणि गाणी निवडून एकमेकांत मिसळत वाजवणारा डीजे हे दोन निराळे व्यवसाय आहेत. (ठाण्यात ‘डीजे’ म्हटले की माणूस नव्हे, मिरवणुकीतली स्पीकरची भिंतच डोळ्यांसमोर येते, हा भाग वेगळा.)

टाँग यांचे बळ आवाजापेक्षा निवडीत होते. १९९१ मध्ये बीबीसीच्या रेडिओ वन केंद्रावर त्यांचा शुक्रवारचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा संगीताच्या मासिकातली उमेदवारी आणि रेकॉर्ड कंपनीत नवे कलाकार हेरण्याचे काम त्यांच्या गाठीशी होते. १९९३ पासून ‘इसेन्शियल मिक्स’ या त्यांच्या दुसऱ्या कार्यक्रमात दर आठवड्याला एकेका डीजेला सलग दोन तास मिळू लागले. ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डचा ‘गोवा मिक्स’ १८ डिसेंबर १९९४ रोजी तिथेच वाजला. म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरचा ट्रान्स हा नाचाच्या संगीताचा प्रकार माझ्यासारख्या कळवेकराला लंडनमार्गे कळला! बीबीसी परवाना शुल्कावर चालते, जाहिरातींवर नाही, म्हणून मूठभर श्रोत्यांच्या संगीतालाही तिथे वर्षानुवर्षे जागा मिळू शकली.

आपल्याकडची खासगी केंद्रे लिलावात मोठी रक्कम मोजून वारंवारिता घेतात आणि ती जाहिरातींतून वसूल करतात, त्यामुळे हिंदी चित्रपटगीतांपलीकडे जाण्याची त्यांची सहसा तयारी नसते. आमच्या केंद्रात कोणते गाणे किती वाजून किती मिनिटांनी लागणार हे आदल्या दिवशीच संगणकावर ठरत असे आणि आरजेच्या वाट्याला मधल्या लिंकचे, म्हणजे दोन गाण्यांमधल्या बोलण्याचे, जेमतेम मिनिट येई. एकदा मध्यरात्रीनंतर मी हाउस या नाचाच्या संगीतप्रकारातला एक ट्रॅक यादीत घुसवला, तर सकाळी लेखी खुलासा द्यावा लागला. श्रोत्यांची मात्र एकही तक्रार नव्हती.

म्हणून आधी मिक्सिंग, म्हणजे एक गाणे दुसऱ्यात बेमालूम मिसळणे, शिका. एका कानावर हेडफोन, दुसरा कान मोकळा. बाहेर मिनिटाला १२२ ठोक्यांचा ट्रॅक चालू आहे आणि हेडफोनमधला १२६ चा आहे. दुसऱ्याची गती हळूहळू उतरवत जायचे. ठोके किंचित जरी मागेपुढे असले तरी टापा टाकणारा घोडा अडखळावा तसा आवाज येतो. ते जुळले की दोन ठोक्यांचा एकच भरीव ठोका होतो. हे पडद्यावर दिसणाऱ्या ध्वनीच्या आलेखाकडे न पाहता जमले पाहिजे. घर चालवण्यासाठी हळदी आणि संगीतचे कार्यक्रम घ्यावे लागतील. ते कमीपणाचे मानू नका, समोरची माणसे कशाने उठून नाचतात हे तिथेच कळते.

मग दर आठवड्याला दोन तासांचा एक मिक्स करा, त्यात मराठीत मोजके बोला. तो ठाणे-पनवेल लोकलमध्ये बसून स्वतः ऐका आणि ज्या जागी गाणे पुढे ढकलावेसे वाटते, ती जागा वहीत टिपून ठेवा.