सोनं कोणाचं

प्रिय सई,

परवा तू विचारलंस आणि मी "नंतर बोलू" म्हणून पोळ्या लाटायला वळले. ते नंतर काही आलं नाही, म्हणून लिहिते आहे. तुझ्या बंगाली मैत्रिणीची दीदा, म्हणजे आजी, तिच्या भावाला झोपवताना जी अंगाई म्हणते, त्यातले 'बर्गी' म्हणजे मराठे, हे तुला तिथे कळलं. घरी आल्या आल्या तू म्हणालीस, "मग दसऱ्याला आपण सोनं देतो ते कोणाचं, आई?"

लागलं मला ते.

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी खंडेनवमीला आजोबा पाटावर सगळं मांडायचे: आजीची विळी, शिवणयंत्राची कात्री, बाबांचे पाने-स्क्रूड्रायव्हर, माझा कंपास. तलवार आमच्याकडे नव्हतीच. सगळ्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी, कारण पुस्तकंही पूजेत. दसऱ्याला संध्याकाळी पुरुष आणि मुलगे सीमोल्लंघनाला जायचे. दादाला नेत, मला नाही. मी आजीबरोबर ओवाळायचं ताट घेऊन दारात. दादा खिसा भरून आपट्याची पानं आणायचा, आधी देवापुढे ठेवायचा, मग आजोबांच्या हातात देऊन पाया पडायचा. त्याला आम्ही म्हणायचो, सोनं लुटून आला. लुटून! इतकी वर्षं तो शब्द माझ्या तोंडात आहे आणि मी त्याच्याकडे कधी पाहिलं नाही.

आजी म्हणायची, पूर्वी माणसं खरंच सोनं घेऊन परत यायची. कुठून, हे मी विचारलं नाही.

महाल म्हणजे नागपूरकर भोसल्यांची वस्ती. रघूजीराजांचं नाव आम्ही अभिमानानेच घेत वाढलो. पावसाळा सरला, दसरा झाला, की फौजा मुलूखगिरीला निघत. शेजारच्या मुलुखाकडून चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा मागायचा, आणि तो मिळेपर्यंत घोडी फिरवायची. आजच्या भाषेत तेच आपलं परराष्ट्र धोरण. १७४२ मध्ये त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये काटव्याला होते. तिथे त्यांनी दुर्गापूजा मांडली आणि ती चालू असतानाच नवाब अलिवर्दीखानाने हल्ला केला. १७४४ मध्ये त्याच नवाबाने त्यांना बोलणीला बोलावून दग्याने मारलं. हा दगा आम्हाला शाळेत शिकवला. अंगाई नाही शिकवली. सरकारी घोड्यावरचा स्वार तो बारगीर, त्याचं तिकडे बर्गी झालं. त्या अंगाईतली आई म्हणते, बर्गी आले, धान तर पाखरांनी खाल्लं, आता शेतसारा कशातून भरू?

तू 'धर्मासाठी होतं का' असंही विचारलंस. नाही गं. १७४३ मध्ये रघूजींना बंगालबाहेर काढायला नवाबाने पैसे देऊन खुद्द पेशव्यांनाच बोलावलं, आणि ते गेले. १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली तेव्हा स्वाऱ्या थांबल्या. त्या काळी सगळेच असं करत, असं मी म्हणू शकते, आणि ते खोटं नाही. पण त्या अंगाईतल्या आईला सांगायला ते पुरत नाही.

तरी 'युद्ध कधीच बरोबर नसतं' हे तुझं वाक्य माझ्याच्याने म्हणवत नाही. आजोबांची जुनी पत्रं तारेला ओवलेली असायची. त्यांवरची तिकिटं मी पाण्यात भिजवून सोडवायचे. १९७१ च्या शेवटच्या पत्रांवर एक जास्तीचं पाच पैशांचं तिकीट असे, त्यावर 'शरणार्थी सहायता'. बाबा सांगायचे, पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, जवळजवळ एक कोटी माणसं जीव घेऊन इकडे आली होती. साधं पाकीट टाकायचं तरी त्यांच्यासाठी पाच पैसे. डिसेंबरमध्ये आपलं सैन्य आत गेलं, १६ तारखेला ढाका पडलं आणि मार्च १९७२ पर्यंत सैन्य परतही आलं. तेही निव्वळ दयेपोटी नव्हतं, पाकिस्तान दुभंगणं दिल्लीला हवंच होतं. पण तिथे चौथाई मागितली नाही, आणि ती माणसं घरी जाऊ शकली. तोच बंगाल, सई. एकदा आपण धान न्यायला गेलो, एकदा कत्तल थांबवायला. मला हा फरक फार मोठा वाटतो. तुला नसेल वाटत, तर सांग. मी चिडणार नाही.

तुझ्या आजीने यंदाही वहीत दाबून वाळवलेली पानं पाठवली आहेत. डब्यात आहेत. तुला नको असतील तर घेऊ नकोस, मी आग्रह करणार नाही. मला मात्र तुझ्या हातून घ्यायला आवडतील. आणि जमलं तर दीदांना विचार, ती अंगाई त्या मला एकदा पूर्ण म्हणून दाखवतील का. मी येईन त्यांच्या घरी.

तुझी,
आई