डिजिटॅलिस, डिजिटॉक्सिन, डिजॉक्सिन: कोणता शब्द कुठे?

एका वाचकाचा प्रश्न: हृदयाच्या औषधावर मराठीत लिहिताना डिजिटॅलिस, डिजिटॉक्सिन आणि डिजॉक्सिन यांतला कुठलाही शब्द वापरला तर चालेल का? आणि ‘हृत्पत्री’ हा शब्द हाताशी असताना तोच का वापरू नये?

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण ते सोपं आहे. हृत्पत्री किंवा तिलपुष्पी ही झाडाची नावं आहेत. वनस्पतीबद्दल लिहीत असाल तर खुशाल वापरा. गोळीला मात्र हे नाव देऊ नका; ते ना पाकिटावर सापडेल, ना केसपेपरवर.

डिजिटॅलिस हे त्या वनस्पतीच्या प्रजातीचं (genus) लॅटिन नाव. लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ मध्ये ते दिलं. फुलाचा आकार अंगुस्तानासारखा (शिवताना बोटावर घालायची टोपी), जर्मनमध्ये अंगुस्तानाला ‘फिंगरहूट’ म्हणतात, म्हणून लॅटिन ‘डिजिटुस’ म्हणजे बोट या शब्दावरून हे नाव घडलं. बोटांवर मोजण्यावरून आलेला ‘डिजिटल’ही त्याच मुळाचा. पुढे वाळवलेल्या पानांच्या चूर्णालाही डिजिटॅलिसच म्हणू लागले. इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये ज्याचे अनुभव प्रसिद्ध केले, ते हे चूर्ण. तो ज्या ‘ड्रॉप्सी’ नावाच्या रोगावर ते देत होता त्याचं ‘जलोदर’ असं भाषांतर हटकून दिसतं, पण जलोदर म्हणजे फक्त पोटात साठलेलं पाणी. तिथे अंगभर चढलेली सूज अभिप्रेत आहे. ‘सर्वांगशोथ’ किंवा सरळ ‘अंगावरची सूज’ लिहावं.

डिजिटॉक्सिन आणि डिजॉक्सिन ही मात्र पानातून वेगळी काढलेली दोन निरनिराळी रसायनं. जांभळ्या फुलांच्या पर्प्युरिया जातीत डिजिटॉक्सिन मिळतं. डिजॉक्सिन १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञ सिडनी स्मिथने लॅनाटा या लवदार जातीपासून काढलं, त्यामुळे ‘जांभळ्या फुलापासून डिजॉक्सिन’ हे वाक्य चुकीचं. रचनेत फरक एका हायड्रॉक्सिल गटाचा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या एका जोडीचा), पण औषध शरीराबाहेर कसं जातं ते त्याने बदलतं. डिजॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे जातं आणि निम्मं उतरायला दीड-दोन दिवस लागतात. डिजिटॉक्सिनचा भार बराचसा यकृतावर, आणि निम्मं उतरायला जवळपास आठवडा. म्हणजे ‘मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करा’ ही सूचना डिजॉक्सिनची आहे. नावांची अदलाबदल केली की सूचनाही भलत्या औषधाला चिकटते.

‘डिजिटलायझेशन’ हा शब्द तर खास सापळा आहे. यंत्राने केलेल्या भाषांतरात त्याचं ‘अंकीकरण’ होतं! इथे त्याचा अर्थ, रक्तात औषधाची पातळी लवकर यावी म्हणून सुरुवातीला दिलेला भरणा-डोस: डिजॉक्सिनचा २४ तासांत साधारण ०.७५ ते १.५ मिलिग्रॅम, विभागून, वयस्करांना कमी. नंतरचा रोजचा डोस बहुधा १२५ ते २५० मायक्रोग्रॅम.

एकक लिहिताना ‘मायक्रोग्रॅम’ पूर्ण लिहा. ‘मा.ग्रॅ.’चं ‘मि.ग्रॅ.’ व्हायला एक वेलांटी पुरते आणि डोस हजारपट होतो. ‘.२५’ असंही नको. टिंब पुसट छापलं तर पंचवीस वाचलं जातं, ‘०.२५’ लिहा. या औषधात उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा अगदी जवळजवळ असतात, त्यामुळे ही काटेकोरपणाची हौस नव्हे.

‘हृदयाचं टॉनिक’ हा शब्दप्रयोग माझ्या मते टाळावा. औषध आकुंचनाचा जोर वाढवतं हे खरं, पण व्हेगस या मज्जातंतूमार्फत ठोक्यांची गतीही कमी करतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात तेव्हा, नेमकं तेच हवं असतं. टॉनिक म्हटलं की एखादी गोळी जास्त घ्यायला माणूस कचरत नाही. अन्नावरची वासना जाणं, मळमळ, पिवळसर दिसणं, अनियमित ठोके ही जास्त झाल्याची लक्षणं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलेलं असेल तर नेहमीच्या डोसनेही ती दिसू शकतात. ॲमिओडॅरोन किंवा व्हेरापॅमिल ही हृदयाची दुसरी औषधं सोबत आली तर रक्तातली पातळी चढते, आणि डॉक्टर डोस सहसा निम्म्यावर आणतात.

उच्चार ‘डिगॉक्सिन’ असाही ऐकू येतो आणि तसं लिहिलेलंही दिसतं. दोन्हींतलं एक धरा आणि लेखभर तेच ठेवा. ‘डायॉक्सिन’ मात्र कधीच नको. ते कचरा जाळताना तयार होणारं प्रदूषक आहे.