मुलगी ऑगस्टमध्ये एमएससाठी ओक्लाहोमा सिटीला जाते आहे. तिथल्या टोर्नाडोची कितपत काळजी करावी?

मी याच भागात राहते. टोर्नाडोची भीती रास्त आहे, पण तिला पुराबद्दलही बजावून सांगा. ते कुणी सांगत नाही.

वादळांचा मुख्य हंगाम एप्रिल ते जून, म्हणजे ती पोचेल तेव्हा तो उलटलेला असेल. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट वारं येतं, पश्चिमेकडून कोरडं. दोन्ही भिडली की आपल्या वळवासारखंच होतं: दिवसभर घुसमट, संध्याकाळी काळंकुट्ट आभाळ, गारा. पण वळीव तासाभरात ओसरतो. इथे दिवस मावळल्यावर दक्षिणेकडचं वारं उलट जोर धरतं आणि रात्रभर ढगांना ओल पुरवत राहतं. एकामागून एक ढग त्याच पट्ट्यावर रिते झाले, तर सपाट मुलखात पाणी जाणार कुठे? ओढे फुगतात, अंडरपास भरतात, आणि हे सगळं अंधारात.

2013 चं उदाहरण देते. 20 मे रोजी शेजारच्या मूर गावात टोर्नाडोने 24 बळी घेतले. त्या धसक्यात, 31 मेला एल रीनोजवळ पुन्हा टोर्नाडो उतरला तेव्हा लोक गाड्या काढून पळाले आणि हायवे तुंबले. तो तब्बल 4.2 किलोमीटर रुंद होता. त्यात 8 जण गेले, सगळे गाड्यांमधले. मग रात्री ओक्लाहोमा सिटीत पावसाने कहर केला. टोर्नाडोपासून वाचायला काही जण पावसाळी पाण्याच्या मोरीत शिरले होते, ते तिथेच बुडाले. त्या रात्री टोर्नाडोपेक्षा पुराने जास्त माणसं नेली.

म्हणून टोर्नाडोत खाली जायचं, पण नाल्यात नाही. इथे तळघरं फारशी नसतात. तळमजल्यावरची, खिडकी नसलेली, आतली बाथरूम किंवा कपाटाची खोली बरी. अपार्टमेंट वरच्या मजल्यावर मिळालं तर खालच्यांशी आधीच ओळख करून ठेवावी. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, म्हणजे नाही. फूटभर पाणी छोटी गाडी वाहून नेतं, दोन फुटांत बहुतेक सगळ्या जातात. आणि रात्री तीनला फोन केकाटतो म्हणून मुलं अलर्ट बंद करून टाकतात, तेवढं करू देऊ नका. ‘वॉच’ आला तर सावध राहायचं, ‘वॉर्निंग’ आली की जागचं उठायचं.

एक गंमत: हवा चांगली असेल तर दर शनिवारी दुपारी बाराला शहरात भोंग्यांची चाचणी होते. पहिल्या आठवड्यात ती घाबरून फोन करेलच. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील, आधी वार बघा.