बोन साधनेकडे वळण्यापूर्वी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

व्हर्जिनियातील शिबिरात दोन दिवस बसून आल्यापासून मन निवळले आहे आणि आता तिबेटच्या बोन परंपरेची साधना रीतसर सुरू करावी का, असे तू विचारले आहेस. जरूर कर, पण ही विद्या तिथवर कोणत्या वाटेने पोहोचली, ते आधी समजून घे.

तोन्पा शेनरब यांना आद्य गुरू मानणारी बोन परंपरा आपला वारसा तिबेटात बौद्ध धर्म रुजण्याच्याही आधीचा असल्याचे सांगते. १४०५ साली स्थापन झालेला मेन्री मठ हे तिचे प्रमुख पीठ. चीनने ताबा घेतलेला तिबेट सोडताना तिथले लोपोन, म्हणजे मुख्य आचार्य, तेन्झिन नामदाक गोळीबारात जखमी झाले, पकडले गेले आणि सुटून नेपाळला पोहोचले. १९६१ साली डेव्हिड स्नेलग्रोव या इंग्रज अभ्यासकाने त्यांना आणखी दोघा भिक्षूंसह लंडनला नेले. पुढे लोपोननी हिमाचल प्रदेशात सोलनजवळ दोलांजी येथे जमीन मिळवली आणि निर्वासितांच्या वसाहतीत मेन्री मठ नव्याने उभा राहिला. तुझ्या शिबिराची संस्था, लिग्मिंचा, १९९२ साली स्थापन करणारे तेन्झिन वांग्याल रिनपोछे याच मठात घडले. गेशे ही पदवी मिळवण्यासाठी त्यांनी अकरा वर्षे अध्ययन केले होते.

झोगछेनमध्ये, म्हणजे बोनच्या सर्वोच्च ध्यानमार्गात, मन घडवायचे नसते, त्याचे मुळातले निर्मळ स्वरूप ओळखायचे असते. पाश्चात्त्य साधकांना हेच भावते, कारण त्यासाठी आधी कशावर श्रद्धा ठेवावी लागेल असे त्यांना वाटत नाही. मला मात्र काळजी वाटते ती इथेच. या ओळखीपूर्वी साष्टांग नमस्कार, मंडल-अर्पण, मंत्रजप अशा नऊ पूर्वसाधना प्रत्येकी एक लाख वेळा करण्याची रीत आहे, आणि घाईच्या शिबिरात नेमकी तीच गळून पडते. लाखाचा जप लावून बसणारी माणसे तू आपल्या घरांत पाहिली असशील, त्यामुळे हा आकडा तुला परका वाटू नये. (प्रदक्षिणा मात्र बोनमध्ये डाव्या बाजूने घालतात, आपली सवय तिथे मोडावी लागेल.)

गुरू एकच धर, आणि निवडण्यापूर्वी त्यांना वर्षभर जवळून पाहा. पुढच्या खेपेला भारतात येशील तेव्हा आपण दोलांजीला जाऊ. तोवर पहाटे अर्धा तास बसत जा आणि तिबेटी मुळाक्षरे गिरवायला घे.

तुझा हितचिंतक