आजीला आजारी पाडू नकोस

बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला तरी विषय डोक्यातून जाईना. वडिलांचं पाठीचं ऑपरेशन झालंय, द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, आणि बागेसाठी वेळ मागताना तू साहेबांना सांगणार काय, तर आजी आजारी आहे! नाशिकला अंबडच्या कारखान्यात 30 वर्षं काढली मी. आमच्या खात्यात एकाची आजी दोन हंगामांत दोनदा वारली.

हसू नकोस, त्यात माझाही वाटा आहे. एका ऑपरेटरने छाटणीच्या दिवसांत डॉक्टरचा दाखला आणला. खोटा निघाला, मी मेमो दिला. पुढे कळलं, घरात दुसरा गडी नव्हता आणि बाग डाउनी रोगाने चालली होती. ‘‘मला बोलला का नाहीस?’’ विचारलं, तर म्हणाला, ‘‘साहेब, मागच्या वर्षी तुम्ही सगळ्यांदेखत एकाला म्हणालात, शेतीच करायची तर घरी बस.’’ म्हणालो होतो खरा.

तुझे साहेब बाहेरगावचे आहेत. ‘बागेचं काम आहे’ एवढ्याने त्यांना काय कळणार? छाटणी म्हणजे फांद्या कापून मोकळं होणं नव्हे, हे सांग. पुढचे दोन महिने फेल, म्हणजे नको असलेली फूट काढायची, डिपिंग करायचं, म्हणजे घड औषधात बुडवायचे, ढग आले की पहाटेच फवारणीला लागायचं. यातलं काहीच संध्याकाळी सातनंतर होत नाही. पाच मिनिटांत सांगून होतं हे.

मग नेमकं माग. ‘थोडं ॲडजस्ट करा’ म्हणालास की समोरच्याला वाटतं, याला अंत नाही. त्यापेक्षा: 1 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर, सकाळी 9 ऐवजी 11 ला येईन, संध्याकाळी तेवढं जास्त थांबेन, बुधवारी ड्रॉइंग घरून करीन. घरी दिंडोरीकडे वीज गेली तर काय करणार, तेही तूच आधी सांग. आणि सकाळी साडेनऊला फिटर ड्रॉइंगवर अडला तर फोन कोण उचलेल? शेजारच्या टेबलावरची ताई उचलेल, असं गृहीत धरू नकोस. आधी तिच्याशी बोल. तिला पोराला आणायला साडेपाचला निघायचं असतं ना? मग संध्याकाळचे तिचे फोन तू घे.

साहेबांची खरी भीती वेगळी असते. एकाला दिलं की दहा जण रांगेत. शॉप फ्लोअरवरच्या माणसाला पाळी सोडून 11 ला येता येत नाही, आणि तुला येता येतं, हे त्याला टोचणारच. त्यामुळे मिळालं तर मिरवू नकोस.

हक्काचं म्हणशील, तर 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा 26 आठवड्यांची झाली, आणि रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम करण्याची सोय आली. पण तीही मालक आणि बाई यांच्यात ठरेल तशी. बाळंतिणीच्या बाबतीतही कायद्याने हे बोलण्यावरच सोडलं. तुझ्या बागेसाठी तर तेवढाही आधार नाही.

गेटवर गाठून बोलू नकोस, महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या गडबडीत तर मुळीच नको. पंधरा मिनिटं मागून घे. ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमध्ये टाक, आणि 15 दिवसांनी बघू, जमलं नाही तर बदलू, असं तूच सुचव. नाही म्हणाले, तर कशाला नाही ते विचार. 11 ला अडचण असेल, बुधवारला नसेल. राजीनाम्याची भाषा मात्र काढू नकोस. ती एकदा काढली की पुढच्या प्रत्येक बोलण्यात तीच ऐकू येते.

सगळ्यालाच नाही म्हणाले, तर असलेल्या रजा छाटणीच्या आणि पेस्टच्या, म्हणजे डोळे फुटायला काडीला औषध लावायच्या, दिवसांना राखून ठेव. पेस्ट कधी लावणार ते कळव. मी येतो. हातमोजे माझे मी आणीन.

तुझा,
काका