टाकाऊतून टिकाऊ करताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. बाटल्यांची झाकणे, मोडके चमचे आणि जुन्या सीड्या चिकटवून तू केलेले घुबड मी बराच वेळ न्याहाळले. डोळे उत्तम जमले आहेत. मात्र शेवटी त्याच्यावर सोनेरी स्प्रे मारून तू प्रत्येक वस्तूची ओळख पुसून टाकली आहेस, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. झाकण हे झाकण आहे हे दिसणारच नसेल, तर ते पिसाच्या जागी बसवण्यातली गंमत पाहणाऱ्याला कळणार कशी? पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचे मस्तक केले. त्यात बैल दिसतो आणि सायकलही दिसत राहते. या दोहोंत नजर ये-जा करते, म्हणून ते काम अजून शिळे झालेले नाही.

'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द आपण शाळेत कार्यानुभवाच्या तासाला इतक्यांदा ऐकतो, की त्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे कोणाचे लक्षच जात नाही. माझेही गेले नव्हते. पंचवीसएक वर्षांपूर्वी आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बंद पडलेल्या चादरीच्या कारखान्यातून मला जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांच्या माळा मिळाल्या. चादरीवरची नक्षी या पुठ्ठ्यांच्या भोकांत साठवलेली असते: भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेले ताण्याचे, म्हणजे उभे, दोरे वर उचलले जातात, भोक नसेल तेथे ते खालीच राहतात. मी त्या माळा सोडवल्या, पुठ्ठे सुटे केले आणि मैद्याची खळ लावून एका मोठ्या फळीवर ओळीने चिकटवले. पहिले काही महिने सर्वांनी कौतुक केले. दुसऱ्या पावसाळ्यात झुरळांनी खळीसकट पुठ्ठेही कुरतडले. फळी उतरवताना जे लक्षात आले त्याची मला आजही लाज वाटते. ते पुठ्ठे दोरीने एकमेकांना ओवलेलेच होते. त्यासाठी कडेला वेगळी भोके होती आणि त्या जोडाने मागावर वर्षानुवर्षे फिरणे सोसले होते. वस्तूने स्वतःच दाखवलेला जोड मी कात्रीने कापून फेकला होता. उरलेल्या माळा पुढे मी होत्या तशाच खिडकीत टांगल्या. सकाळच्या उन्हात नक्षीचे ठिपके जमिनीवर पडतात, आणि त्या फळीवर खळीने झाकलेली भोके आठवली की आपण किती उलटे काम केले होते हे कळते.

म्हणून हाती वस्तू आली की 'हिचे काय करता येईल' हा प्रश्न थोडा लांबणीवर टाक आणि 'ही कशाने कशाला धरून होती' हे आधी पाहा. घानात जन्मलेला आणि नायजेरियात राहून काम केलेला एल अनात्सुई हा शिल्पकार मद्याच्या बाटल्यांची धातूची झाकणे व पट्ट्या चेपून तांब्याच्या बारीक तारेने एकमेकांना बांधतो. असे हजारो तुकडे बांधले की भिंतभर धातूचे वस्त्र तयार होते. ते घडी घालून नेता येते आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या चुण्या निराळ्या पडतात. गोंदाने हे कधीच साधले नसते. आपल्या गावात तर गोंदावर भिस्त ठेवूच नये. मे महिन्यातल्या भिंतीच्या तापाने चिकटवलेले तुकडे सुटलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

तू चिंध्यांचे काम करू इच्छितेस हे वाचून आनंद झाला. टॉवेलच्या कारखान्यांतून निघणारी चिंधी फुकट मिळेल अशा समजुतीत मात्र राहू नकोस. यंत्रे पुसायला ती किलोवर विकली जाते, तेव्हा भंगारवाल्याला त्याचा दर बिनतक्रार दे. घरी आणल्यावर प्रत्येक प्रकारच्या चिंधीचा एकेक दोरा चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून, जाळून पाहा. सूत असेल तर जळत्या कागदासारखा वास येऊन मऊ करडी राख उरते, आणि कृत्रिम धागा असेल तर तो आकसून त्याची कडक गोळी होते. ही निवड आधी का करायची, ते रंगवताना कळेल: ज्या रंगात सूत गडद होते, त्याच रंगात पॉलिस्टर जवळजवळ कोरे राहते.

साठवणीचा मोहही आवर. चंदीगडच्या नेकचंद सैनींनी १९५७च्या सुमारास सरकारी जंगलात गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरश्या जमवायला सुरुवात केली, आणि त्यांतून घडलेली 'रॉक गार्डन' ही बाग १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. त्यांच्याजवळ एकर-दीड एकर नव्हे, तर अख्खे रान होते. तुझ्याजवळ जिन्याखालची जागा आहे, आणि तुझ्या आईचे म्हणणेही मला कळले आहे. वर्षभर एकच सामान घे. मी तुझ्या जागी असतो तर चिंधीच घेतली असती.

रविवारी सकाळी घरी ये. येताना ते घुबड आणि एक बोथट सुरी आण. सीड्यांवरचा सोनेरी रंग निघतो का, ते आपण पाहू.

तुझा,
सर
सोलापूर